वडील बँकर, जिल्हा कुलाबा

येत्या १ जूनला मला ऐंशी वर्षं पूर्ण होतील. म्हणजे कागदोपत्री. खरी केव्हा होतील ते आई जाणे, आणि आईलाही ते धड ठाऊक नव्हतं. "भातं कापायला आली होती आणि तुझे बाबा ड्यूटीवर होते," एवढीच माझ्या जन्माची नोंद तिच्यापाशी होती. कर्जतला भातं दिवाळीच्या आगेमागे कापायला येतात आणि बाबा बाराही महिने ड्यूटीवर असत. एवढ्या माहितीवर पत्रिका मांडायला बसलेल्या भटजींनी शेवटी दक्षिणा परत केली, असं आमच्या घरात सांगत.

१ जून ही तारीख मास्तरांची. १९५२ साली बाबा मला पहिलीत घालायला घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, "जन्मतारीख?" बाबांनी छताकडे पाहिलं. मास्तरांना असले बाप रोज भेटत. शाळा जूनमध्ये सुरू होणार, पोराला सहा पूर्ण भरलेली हवीत. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहून टाकलं, १ जून १९४६. बाबांची कळी खुलली. "डेक्कन क्वीनची तारीख!" ते म्हणाले. दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली, हे रेल्वेच्या माणसाला पोराच्या जन्मापेक्षा पक्कं ठाऊक. पुढे पुणे स्टेशनावर प्रवासी राणीचा वाढदिवस केक कापून साजरा करू लागले. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला की बाबा तो कापून माझ्या हातात ठेवायचे आणि आशीर्वाद द्यायचे. मला केक कधी मिळाला नाही.

हे सगळं आता उकरायचं कारण पेन्शन. केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्याला ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनीवर वीस टक्के वाढ मिळते. मी टपाल खात्यातला. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्या हिशेबाने मी ३१ मे २००६ ला घरी बसलो. मास्तरांनी मला पाच महिने आधी जन्माला घातलं आणि पाच महिन्यांचा पगार बुडवला, म्हणून तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात बोल लावला होता. आता तेच पाच महिने ते वीस टक्क्यांनी परत करणार आहेत. फक्त मध्ये एक घोळ झाला. पेन्शन जिथे जमा होते तिथल्या कागदावर कुणा घाईच्या माणसाने १ चा ७ केलाय. सहा दिवसांनी पैशात काही फरक पडत नाही. पण दोन कागदांवर दोन तारखा म्हणजे सरकारच्या लेखी दोन माणसं, आणि दोघांपैकी पेन्शन कुणाची, हा प्रश्न उभा राहतो. "शाळा सोडल्याचा दाखला आणा," खिडकीतली मुलगी म्हणाली.

दाखला होता. २६ जुलै २००५ पर्यंत होता. त्या दिवशी बदलापुरात आमच्या तळमजल्यात उल्हास नदी शिरली आणि लोखंडी कपाटाचा खालचा खण घेऊन गेली. उल्हास येते कर्जतकडूनच. शाळेने दिलेला दाखला गावच्या नदीने येऊन परत नेला, यात तक्रार कुणाकडे करायची?

म्हणून श्रावणात एका सकाळी कर्जत लोकल पकडली. वांगणी, शेलू, नेरळ. नेरळनंतर उजव्या हाताला माथेरानचा डोंगर ढगात डोकं घालून बसलेला. भिवपुरीच्या आसपास शेतात लावणी उरकून भात हिरवं धरू लागलं होतं. जिथे शेत उरलं होतं तिथे. बाकी ठिकाणी फार्महाउसं उगवलीत. जिथे आम्ही मृगाच्या पहिल्या पुरात वलगणीचे मासे धरायचो, तिथे आता तिकीट काढून पोहायचा तलाव आहे. माणशी दर बाहेर फळ्यावर लिहिलाय. आम्हाला तिथे पोहल्याबद्दल मार मिळायचा, तोही माणशीच.

ज्यांना वलगण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे फुगले की मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहात वर चढतात, थेट भाताच्या खाचरांत येतात. त्या रात्री गावात कुणी झोपत नाही. आणि शाळा नेमकी त्याच आठवड्यात उघडते. केळवलीचा एक मुलगा एकदा रात्रभर वलगण करून तसाच वर्गात आला आणि उरलेली एक शिंगटी चड्डीच्या खिशात विसरला. शिंगटीला काटा असतो. शास्त्राच्या तासाला तो दर दोन मिनिटांनी बाकावरून उठायचा. मास्तरांना वाटलं, याला उत्तर येतंय. बिचाऱ्याला चार प्रश्न विचारून झाले तेव्हा खिशातलं पाणी बाकावरून ओघळलं. मास्तरांनी शिंगटी टेबलावर ठेवली, पाण्याचा पेला मागवला आणि कल्ले म्हणजे काय ते तासभर शिकवलं. पुस्तकात तो धडा दिवाळीनंतर होता. दिवाळीनंतर मास्तर म्हणाले, "हा झालाय आपला." मासा मात्र त्यांनी घरी नेला, अशी वदंता होती.

या मुलाचं नाव केळवली. म्हणजे नाव वेगळं, पण आमच्या हायस्कुलात निम्मी पोरं गाडीने यायची आणि गाडीची पोरं स्टेशनाच्या नावानेच ओळखली जायची. भिवपुरी, पळसदरी, केळवली, खोपोली. हजेरी घेताना मास्तरही सवयीने तेच म्हणून जात. नवीन माणसाला वाटावं, शाळेत गाड्यांची उद्घोषणा चालू आहे. मी रेल्वेच्या वस्तीतला, म्हणून 'क्वार्टर'. उंचीनेही क्वार्टरच होतो, वर्गात सगळ्यात बुटका, त्यामुळे नाव घट्ट बसलं.

शाळेचं ऑफिस आता टाइल्सचं झालंय. तिथल्या ताई माझ्या नातीच्या वयाच्या.

"कुठलं साल, आजोबा?"

"त्रेसष्ट."

"एकोणीसशे?"

"अठराशे असतं तर टांगा करून आलो असतो."

हसल्या. कपाटातून लाल कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं. वाळवीच्या पावडरीचा वास आला. पान उलटता उलटता त्यांचं बोट एका रकान्यावर घसरू लागलं आणि त्या वाचू लागल्या, "१ जून, १ जून, १ जून... आजोबा, तुमच्या वर्गात सगळी जुळीच होती का?"

काय सांगणार? तालुकाभरच्या मास्तरांनी एकाच टाकाने एक पिढीच्या पिढी १ जूनला जन्माला घातली. वर एवढे वाढदिवस, पण शाळेत पेढा वाटल्याचं एकदाही आठवत नाही.

मग जन्मस्थळाचा रकाना आला. "मु. कर्जत, ता. कर्जत, जि. कुलाबा," ताईंनी वाचलं आणि थांबल्या. "कुलाबा?"

आमचा जिल्हा १९८१ साली रायगड झाला, त्याआधी तो कुलाबा होता. अलिबागच्या समोर पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्यावरून पडलेलं नाव. मुंबईतल्या कुलाब्याशी आमचा संबंध एवढाच, की दोन्हीकडे समुद्र आहे, आणि कर्जतला तोही नाही. पण या नावाने मला एक गोष्ट मिळवून दिली, बायको.

त्याचं असं झालं. माझे बाबा बँकरवर ड्रायव्हर होते. कर्जतमध्ये हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते, कारण पुढे घाट. सदतीस फुटांना एक फूट चढ, रेल्वेच्या दृष्टीने भिंतच. पुढच्या इंजिनाला ते ओढवत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला मागून आणखी इंजिनं लावतात. ती ढकलत ढकलत गाडी लोणावळ्यापर्यंत नेऊन पोचवतात, तिथे सुटतात आणि आपली आपण खाली येतात. पुढच्या गाडीला ढकलायला. यांना म्हणायचं बँकर. बाबांच्या वेळी त्या कामाला स्वित्झर्लंडच्या घडणीची लांब नाकाची विजेची इंजिनं होती. साहेब त्यांना मगर म्हणायचे. आमच्या माणसांनी नाव ठेवलं खेकडा. उभा असला की कण्हायचा आणि चालताना डुलायचा, म्हणून. बाबा खेकड्यावर असले की आई काळजी करायची नाही. "तो कण्हतो पण पोचवतो," म्हणायची. हे इंजिनाबद्दल की बाबांबद्दल, ते मला कधी कळलं नाही.

तर १९७२ साली गिरगावातल्या एका मध्यस्थाने मुलीच्या वडिलांना माझी माहिती दिली, ती अशी: मुलगा पोस्टात कायम, वडील बँकर, जिल्हा कुलाबा. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. कुलाब्याच्या बँकरचा मुलगा पोस्टात का चिकटला, एवढं एक कोडं सासऱ्यांना पडलं, पण 'साधी माणसं असतील' असा त्यांनी अर्थ लावला. ते कर्जतला घर बघायला आले तेव्हा बाबा नुकतेच ड्यूटीवरून उतरलेले, अंगात तेलकट निळे कपडे, हातात टिफिन आणि कंदील. सासऱ्यांनी अदबीने विचारलं, "बँक कुठे आपली?" बाबांनी फलाटाच्या टोकाकडे बोट केलं. तिथे खेकडा कण्हत उभा होता.

सासरे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बुडायची तर भीती नाही." लग्न झालं.

ताई रकाने उतरवून घेत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून माझंच चरित्र वाचत होतो. प्रगती: बरी. हे 'बरी' माझ्या गणिताने आणलं. यात माझा दोष नाही. मी गणित शिकलो आणि मग सरकारने हिशेबच बदलला. मराठी शाळेत चार वर्षं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो म्हणताना पोरांना घाम फुटायचा. आणे-पै, शेर-अदपाव, सगळा बाजार त्या पाढ्यांवर चाले. मला दिडकी बिनचूक येऊ लागली आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. तारीखही काय निवडली! रुपयाचे शंभर पैसे, झालं. पाढ्यांची सगळी इस्टेट एका दिवसात मोडीत.

पण गणिताचे मास्तर पक्के. त्यांनी फळ्यावर कोष्टक लिहिलं. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस. आणि विचारलं, "तीन आण्यांच्या गोळ्या घ्यायच्यात. कशा घ्याल?" वर्ग गप्प. "अरे, एकेक आण्याच्या तीनदा घ्या! अठरा पैशांत भागतं. एक पैसा वाचतो." त्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग दुकानावर तीन-तीन वेळा रांग लावून उभा राहिला. दुकानदाराने मास्तरांना निरोप पाठवला की, गणित वर्गातच शिकवा. मला वाटतं, आयुष्यात उपयोगी पडलेलं माझं गणित एवढंच. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, तिकिटांचा हिशेब करताना तो एक पैसा मी अजून शोधतो.

इंग्रजी आम्हाला आठवीपासून. तेरा-चौदा वर्षांचे घोडे झालो, मिसरूड फुटायला आली, आणि मग 'हे मांजर आहे' पासून सुरुवात. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मांजर पुढे गेलंच नाही.

इतिहास मात्र जिवंत. २ जानेवारी आला की इतिहासाचे मास्तर पुस्तक मिटून ठेवायचे. माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील १९४३ सालच्या त्या दिवशी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आम्ही शिकत होतो तेव्हा या गोष्टीला पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. भाईंचा आवाज ऐकलेली माणसं बाजारात भाजी घ्यायला दिसायची. मास्तर सांगायचे, १९४२ साली भाईंच्या आझाद दस्त्याच्या पोरांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे कसे करवतीने कापून आडवे केले, गिरण्या कशा थांबल्या, गाड्या कशा थांबल्या. इथे रेल्वेच्या वस्तीतल्या आम्हा चार-पाच जणांची पंचाईत व्हायची. भाई तर आपले. पण थांबलेली गाडीही बापाचीच. मी घरी जाऊन बाबांना विचारलं, "तुम्ही तेव्हा काय केलं?" ते म्हणाले, "वीज नव्हती. झोपलो. नोकरीत पोटभर झोपलो ते तेवढंच." आणि मग थोड्या वेळाने, "भाईंच्या कृपेने."

ते मनोरे पुन्हा उभे राहिले. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या तळ्यांचं पाणी खाली सोडून केलेली वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची. केळवली मात्र घरी कंदिलाखाली अभ्यास करायचा. पावसाळ्यात तारा गुणगुणत. तो म्हणायचा, ही मुंबई आपलं नाव घेऊन उचक्या देतेय.

"वर्तणूक: चांगली," ताई म्हणाल्या.

"बघू?" मी चष्मा लावला. हेडमास्तरांचं अक्षर. चांगली.

इथे मला घंटेबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, हातभर लांब, आंब्याच्या फांदीला जाड तारेने टांगलेला. वाजवायला लोखंडी हातोडी. शाळेचा विश्वास घंटेवर, घंटेचा शिपायावर आणि शिपायाचा सकाळी पुण्याहून उतरणाऱ्या डेक्कन क्वीनवर. ती गेली की तो घड्याळ लावायचा. संध्याकाळी शाळा सुटायची आणि पाचच मिनिटांत खोपोलीची गाडी. ती चुकली तर पळसदरी-केळवलीच्या पोरांनी रुळांतून चालत घर गाठायचं.

नववीत असताना माघी गणपतीला महडची जत्रा होती. महड म्हणजे चवदार तळ्याचं महाड नव्हे. आमचं खालापूरचं, अष्टविनायकातल्या वरदविनायकाचं. शाळेला सुट्टी नव्हती. आधीची गाडी मिळाली तर जत्रा मिळणार, आणि ती मिळायला शाळा अर्धा तास आधी सुटायला हवी. शिपाई पोस्टात गेलेला. कुणीतरी जाऊन टण टण टण टण लांबलचक घंटा दिली.

शाळा सुटली. अडीचशे पोरं फाटकातून बाहेर. मास्तरांनी खडू खाली ठेवले, टोप्या उचलल्या. हेडमास्तर बाहेर आले, त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, कानाला लावलं, हलवलं, आणि अर्धा तास पुढे करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी शाळेत येऊन कुलूपबंद दाराशी उभे होते. तेव्हा उलगडा झाला. प्रार्थनेनंतर त्यांनी विचारलं, "घंटा कुणी दिली?" कुणी बोललं नाही. ते फार ताणूही शकले नाहीत, कारण अर्धा तास आधी तेही घरी गेले होते.

घंटा मी दिली होती. ही गोष्ट मी बायकोला, मुलांना, नातवंडांना, टपाल खात्यातल्या तीन पोस्टमास्तरांना सांगितलेली आहे. दोन वर्षांपूर्वी कर्जतच्या एका फार्महाउसवर आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं, तिथेही मी माइकवर सांगितली. तर भिवपुरी ताडकन उठला. "खोटं! घंटा मी दिली." नव्वदीच्या घरातले एक मास्तर आले होते, त्यांच्यासमोर दोन ऐंशीच्या घरातली पोरं हातघाईवर आली. केळवली मागून म्हणायला लागला, "अरे, घंटेच्या वेळी मी..." त्याला आम्ही दोघांनी मिळून खाली बसवलं. एक खोटारडा पुरे होता. मग कुणीतरी नववीचा ग्रुप फोटो फिरवला. त्यात केळवलीचा सदरा उलटा आहे, शिवण बाहेर. साठ वर्षं उशिरा त्यावर सगळे पोट धरून हसले. तोही हसला. तो हल्ली कमी ऐकतो. कशावर हसतोय ते त्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे.

दाखल्यावर सही व्हायला वेळ होता. हेडमास्तर, म्हणजे आताच्या मॅडम, वर्गावर होत्या. मी ताईंना विचारलं, "तो रूळ आहे का हो अजून?"

"आहे की! एरवी विजेची बेल आहे. पण लाईट गेली की तोच."

मागच्या अंगणात आंबा तसाच. खोड जाड झालंय, फांद्या कमी. रूळ तिथेच, खालच्या टोकाला मार खाऊन खाऊन चकचकीत झालेला, बाकी गंजलेला. पावसाचं पाणी त्यावरून एका धारेने खाली येत होतं. हातोडी बुंध्याच्या खाचेत. इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. हातोडी उचलली.

लागेना. टाचा उंचावल्या, हात पूर्ण वर केला, तरी हातोडीचं टोक रुळाला नुसतं चाटून गेलं. टिंग असा चमच्याचा आवाज आला. तेवढ्यात शिपाई धावत आला. तरुण मुलगा, सहा फुटी.

"आजोबा, राहू द्या, खांदा निखळेल."

"हा आधी खाली होता का रे?"

"नाही हो. फांदी वर जात नाही, आजोबा, झाड वर जातं. ही तार गंजली तेव्हा मीच बदलली, त्याच खुणेवर. पोरांचा हात पोचू नये म्हणून वरच बांधलेला."

मी त्या रुळाकडे बघत राहिलो. पाच फूट पाच इंच उंची माझी, आज. नववीत मी क्वार्टर होतो. साडेचार फूट असेन नसेन. एका उडीत पोचलो, असं मी माइकवर सांगितलं होतं. या पावसात, या रुळाखाली उभं राहून ते मला स्वतःलाच सांगता येईना. हातोडी हातात होती, हे पक्कं आठवतं. आवाज आठवतो. टाळूपर्यंत गेलेली झिणझिण आठवते. पायाखाली काय होतं? पायाखाली जमीन नव्हती. काहीतरी मऊ होतं, आणि ते हलत होतं.

आणि कोपऱ्यावर, फाटकाकडे तोंड करून, भिवपुरी उभा होता. शिपाई येतो का ते बघत.

दाखला मिळाला. स्टेशनावर आलो, वडापाव घेतला, बाकावर बसलो. समोर पुण्याची गाडी उभी होती. मागून बँकर लागले आणि डब्यांमधून धक्का सरकत पुढे गेला. खिडकीतल्या एका माणसाच्या शर्टावर चहा सांडला. मी केळवलीला फोन लावला. तो आता खोपोलीला मुलाकडे असतो.

"कोण?"

"क्वार्टर बोलतोय."

"हां, बोल. पाऊस आहे का कर्जतला?"

"आहे. अरे, ती घंटा..."

"कुणाचा तंटा?"

"घंटा! शाळेची! महडच्या जत्रेची! तू दिलीस!"

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. पलीकडे बराच वेळ नुसती घरघर.

"मी कुठे दिली?" तो म्हणाला. "तू दिलीस. मी खाली होतो. तेच तर सांगत होतो त्या दिवशी, तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

"माझ्या लक्षात नव्हतं रे."

"माझ्या आहे. तू यार्डातून अनवाणी यायचास. तळव्यांना ते इंजिनाचं काळं तेल. दोन्ही खांद्यांवर तुझे पाय उमटले सदऱ्याला. आईने राख लावली, रिठे लावले, नाही गेले. मला तर दुसरा सदरा नव्हता."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच घालून आलास? हेडमास्तरांसमोर?"

"मग काय करणार? प्रार्थनेला समोरच उभा होतो. त्यांनी घंटा कुणी दिली म्हणून विचारलं, माझ्याकडे बघितलं, खांद्यांकडे बघितलं. नंतर आत बोलावलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, उद्यापासून सदरा उलटा घालून येत जा."

"आणि?"

"आणि काय, वर्षभर घातला. गुंड्या आतल्या बाजूने लावायच्या, बोटं दुखायची." मग म्हणाला, "खोपोलीची गाडी कितीला आहे बघ. भाकरी टाकायला सांगतो."